उताऱ्यात दिलेले नाही

अण्णांच्या सलूनमध्ये प्रश्न विचारलेला माणूस उत्तराशिवाय परत गेला, असं कधी झालं नव्हतं. केस कापायला येणारे कमी आणि विचारायला येणारे जास्त, असेही दिवस असायचे. पूल चालू झाला का, उद्या नळाला पाणी येणार का, अमक्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा हात हलका आहे का. अण्णांना माहीत असो वा नसो, उत्तर मिळायचं, आणि तेही ठाम आवाजात. अण्णांच्या वडिलांनी कात्री हातात देण्याआधी त्यांना एवढंच शिकवलं होतं: खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यापाशी आपला वस्तरा असतो. अशा वेळी 'मला काय माहीत' म्हणणारा माणूस कोणालाच नको असतो.

चुकलेल्या उत्तराची तक्रार घेऊन फारसं कोणी येत नसे. एकजण अण्णांनी सांगितलेल्या रस्त्याने गेला तो भलत्याच गावी पोचला, तिथेच त्याला बायको मिळाली. तो अजून दर महिन्याला केस कापायला येतो. त्याबद्दल त्याचं मत काय, हे विचारायचं धाडस मात्र अण्णांनी केलं नाही.

अण्णांची बायको सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायची. तिला दिवसभर एकाच वाक्यावर भागवावं लागे: "ते मला माहीत नाही, शेजारच्या खिडकीत विचारा." असलं वाक्य बोलून माणूस संध्याकाळी घरी येऊन जेवतो कसा, हे अण्णांना लग्नानंतर बरेच दिवस उमगलं नव्हतं. पुढे दोघांनी या विषयावर न बोलायचं ठरवलं आणि संसार सुखाचा झाला.

त्यांची एकुलती एक लेक बारावीला होती. शाळेच्या कागदावर तिचं नाव काहीही असो, घरात आणि गल्लीत ती चिंगी. या नावाला ती आठवीत असताना रडली होती, नववीत रागावली होती आणि बारावीत तिने नाद सोडला होता. तिला डोळे तपासण्याचा कोर्स करायचा होता. त्या कोर्सला प्रवेश हवा तर इंग्रजीत साठ मार्क लागत. पूर्वपरीक्षेत चिंगीला अडतीस पडले.

चिंगीचं इंग्रजी वाईट नव्हतं. शब्द पाठ, व्याकरण बरं, निबंध तर पानंच्या पानं. मार खाल्ला होता तो उताऱ्यात. उतारा वाचायचा, खाली दिलेली विधानं वाचायची आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहायचं: खरे, खोटे, किंवा उताऱ्यात दिलेले नाही. चिंगीने सगळ्या विधानांपुढे खरे किंवा खोटे लिहिलं होतं. तिसरं तिने एकदाही वापरलं नव्हतं. एखाद्या घरात पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली खुर्ची असते आणि तिच्यावर कधीच कोणी बसत नाही, तसं.

इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, रोज एक उतारा मोठ्याने वाच आणि सोडव. घर म्हणजे सलूनच्या मागच्या दोन खोल्या. उजेड काय तो सलूनमध्ये. म्हणून शाळेतून आली की चिंगी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून वाचू लागली. त्या बाकाचा दुसरा कोपरा पेन्शनरकाकांचा होता. काकांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते पेपर वाचायला येत आणि दुकान बंद होताना घरी जात.

पहिला उतारा समुद्रातल्या दीपगृहावर होता. चिंगीने इंग्रजीत वाचला. खुर्चीतला रंगारी म्हणाला, "आम्हालाही कळू दे की." मग तिने मराठीत सांगितला. एक म्हातारा बेटावर एकटा राहतो, रोज संध्याकाळी जिना चढतो, दिवा लावतो, सकाळी विझवतो. एवढंच.

"पहिलं विधान," चिंगी म्हणाली. "म्हाताऱ्याला एक भाऊ होता."

"होता," अण्णा कात्री न थांबवता म्हणाले. "लिही. खरे."

"बाबा, यात भावाचं काही नाही."

"अगं, माणूस समुद्रात जाऊन एकटा राहतो म्हणजे काय? घरात पटत नसणार. आईबापांशी न पटायला तो म्हातारा आहे, ते केव्हाच गेले असतील. बायकोशी पटत नसतं तर बायकोचा उल्लेख केला असता. राहिला कोण?"

"भाऊ," रंगारी म्हणाला.

"जमिनीवरून झालं असेल," पेन्शनरकाका पेपराआडून म्हणाले. "आमचंही तसंच झालं."

"तुम्ही कुठे गेलात हो बेटावर?"

"गेलो असतो. दिवा लावायची नोकरी कोणी दिली नाही."

चिंगीने 'खरे' लिहिलं. वाचून बघितलं तर तिलाही पटलं. भाऊ असणारच. तो धाकटा असणार आणि आईचा लाडका असणार, इथपर्यंत तिला दिसू लागलं.

असं रोज चालू झालं. मधमाश्यांचा उतारा आला, त्यात राणीमाशी झोपते की नाही यावरून दोन गिऱ्हाइकांची जुंपली. जुन्या पुलाचा उतारा आला, तर अण्णांनी तो बांधणारा ठेकेदार कसा असेल ते चेहऱ्यापासून वर्णन करून सांगितलं. गल्लीतले लोक उतारा किती वाजता असतो ते विचारून दाढीला येऊ लागले. अण्णांना मनातून फार बरं वाटत होतं. पोरीच्या अभ्यासाला बापाचा हातभार लागावा, अशी त्यांची जुनी इच्छा होती. गणितात ती पुरी झाली नव्हती.

महिन्याभराने शाळेने पुन्हा परीक्षा घेतली. चिंगीला चौतीस पडले.

"चार कमी?" अण्णा म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून अभ्यास केला होता!"

"त्यामुळेच पडले असतील," चिंगीची आई आतून म्हणाली.

 चिंगीने पेपर घडी करून दप्तरात ठेवला आणि कंगवे धुवायला घेतले. ते धुवायचं काम तिचं नव्हतं, म्हणून अण्णांच्या काळजात चर्र झालं.

त्या रविवारी इंग्रजीचे सर स्वतः केस कापायला आले. अण्णांनी त्यांना बाकावर बसू दिलं नाही, सरळ खुर्चीत घेतलं. खुर्चीत असलेला रंगारी अर्ध्या दाढीने बाकावर जाऊन बसला. शिक्षणाबद्दल त्याला आदर होता.

"सर," चादर गळ्याभोवती बांधत अण्णांनी विचारलं, "आमची पोरगी इंग्रजीत इतकी कच्ची आहे का हो?"

"कच्ची? छे. वर्गात तिच्याएवढं इंग्रजी कोणाला येत नाही."

"मग?"

"तिला गप्प बसता येत नाही."

अण्णांची कात्री थांबली. चिंगी बाकावर होती, तिने मान खाली घातली. सर आरशातून बोलत होते. "उताऱ्यात भाऊ नसेल तर भाऊ नाही, असंही म्हणायचं नाही, आहे असंही म्हणायचं नाही. दिलेलं नाही, एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. ही पोरगी काय करते? तिने मागच्या पेपरात एका बेकरीवालीला दोन मुलं आणि संधिवात लावून दिला. समासात लिहून कारणं दिली आहेत. वाचायला मजा येते. मार्क देता येत नाहीत."

उताऱ्यातल्या कोणालाही संधिवात लावायची सवय रंगाऱ्याची होती. त्याने अर्ध्या दाढीवरून हात फिरवला आणि छताकडे पाहिलं.

"पण सर," अण्णा म्हणाले, "समोरच्याने विचारलंय. त्याला नुसतं दिलेलं नाही म्हणून वाटेला लावायचं? तो नाराज नाही होणार?"

"अण्णा, समोरच्याला तेच ऐकायचं असतं. म्हणून तर त्याने विचारलंय."

हे अण्णांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांनी काम पुढे चालू केलं. मान साफ केली, कानामागे वस्तरा फिरवला, दोन्ही कल्ले उतरवले, मागे सरून आरशात पाहिलं.

"कल्ले सारखे झालेत का हो?" सरांनी विचारलं. ते स्वतः चष्मा काढून बसले होते.

"एकदम सारखे," अण्णा म्हणाले.

सरांनी चष्मा लावला. आरशात बघितलं. पेन्शनरकाकांनी पेपर खाली केला. रंगाऱ्याने मान लांब केली. उजवा कल्ला कानाच्या मध्यावर होता आणि डावा पाळीच्या खाली.  शेवटी चिंगी, परीक्षेत उत्तर लिहावं तशा आवाजात, म्हणाली:

"खोटे."

सर सभ्य माणूस. "असू दे, असू दे, वाढतील," म्हणत ते उठले. अण्णांनी त्यांना पुन्हा बसवलं आणि डावा कल्ला वर नेला. तो उजव्याच्याही वर गेला. मग सर खरोखरच उठले.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही. मग चिंगीनेच विषय काढला.

"बाबा, तुमचा चष्मा चुकीचा आहे."

"नवाच तर आहे, वर्षच झालंय. तू होतीस की बरोबर, बनवायला गेलो तेव्हा."

"होते म्हणूनच सांगते. तुम्ही त्या तक्त्यावरचे आकडे अंदाजाने सांगत होतात."

अण्णांनी भाजीत बोट फिरवलं.

"तो माणूस म्हणत होता, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलंत. ठाम आवाजात. तीनाला आठ म्हणालात, सातला एक. काही काही तर बरोबरही आले. त्याला वाटलं, थोडीच अडचण आहे. दिला पातळ काचेचा चष्मा."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी बाहेर येऊन म्हणाले, बाबा, दिसतं का नीट? तुम्ही म्हणालात, एकदम."

चिंगीच्या आईने भांड्यातला भात सारखा केला. "म्हणजे वर्षभर तुम्ही लोकांच्या गळ्यावर वस्तरा अंदाजाने चालवताय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात रोज याहून वाईट कानावर पडत असे.

"तेव्हापासूनच मला तो कोर्स करायचाय," चिंगी म्हणाली आणि पाणी प्यायली.

 तो चष्मेवाला, तो तक्ता, आणि आपण शेवटची ओळ फाडफाड म्हणून दाखवल्यावर त्याने केलेली वाहवा, सगळं अण्णांना आठवलं. त्या वाहवेचं कौतुक त्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

"पोरीला मी शिकवते," चिंगीची आई म्हणाली. "चिंगे, हे घर म्हणजे खिडकी. मी पेशंट. बाई, डॉक्टर कधी येणार?"

"डॉक्टर... साधारण दहा वाजता येत असतील."

"तू बघितलंयस त्यांना येताना?"

"नाही."

"मग?"

चिंगीचा चेहरा लाल झाला. "मला माहीत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मला वाटतं की..."

"पण नाही. खिडकीत 'पण' नसतं. मागे रांग असते."

"मला माहीत नाही."

"हां. आता मान वर करून."

अण्णांना ते बघवेना. दारात आलेल्या माणसाला आपली पोर असं बोलतेय, तेही आईच्या शिकवणीने! "दुसरा काही उपाय नाही का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही एकदा म्हणून दाखवा," चिंगी म्हणाली. "मग मला जमेल."

"इथे?"

"इथे नाही. चष्मेवाल्याकडे."

दोन दिवसांनी दुपारी दुकानाला कुलूप लावून बापलेक चष्मेवाल्याकडे गेली. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता. आत अंधार केला, समोर तक्ता उजळला. चिंगी मागे स्टुलावर बसली.

वरची ओळ अण्णांनी वाचली. दुसरीही वाचली. तिसऱ्या ओळीत आकड्यांच्या जागी मुंग्या बसल्या होत्या.

"पहिला?" चष्मेवाल्याने विचारलं.

आठ. अण्णांच्या जिभेवर आठ येऊन बसलाच होता. आठ असायला काय हरकत होती? आठ हा चांगला भरीव आकडा. मागे स्टूल करकरलं. अण्णांनी आठ गिळला.

"दिसत नाही," ते म्हणाले.

वडील गेल्यावर अण्णांना जितकं ओकंबोकं वाटलं होतं, साधारण तितकंच आत्ता वाटलं. चष्मेवाल्याने मात्र मान हलवली आणि नुसती काच बदलली. त्याला काहीच वाटलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपण बोललो आणि या माणसाने साधं वर बघू नये, याचा अण्णांना रागच आला.

"आता?"

"दिसत नाही."

"आता?"

"नाही दिसत."

"आता?"

अण्णा पुढे वाकले. "तीन," ते म्हणाले. "अरे, तीन आहे तो! मग सात. मग पाच. चिंगे, तीन आहे!"

"मला दिसतंय, बाबा."

नवा चष्मा लावून अण्णा गल्लीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. किराणावाला, टेलर, सायकलवाला, टेलरचा मेहुणा. अर्ध्या गल्लीचे उजवे कल्ले वर होते. वर्षभर लोकांनी ती नवी फॅशन समजून चालवून घेतली होती; टेलरच्या मेहुण्याने तर मुद्दाम तशी मागितली होती. पुढचे आठ-दहा दिवस अण्णा एकेकाला हाक मारून दुकानात बसवत होते आणि काही न सांगता सारखं करून सोडत होते. मेहुणा तेवढा तयार झाला नाही.

उताऱ्याचं वाचन चालूच राहिलं, पण नियम बदलला. उत्तर द्यायचं तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून द्यायचं. इंग्रजी येत नसेल तर चिंगी ओळ दाखवेल, पण बोट हवंच. बोट ठेवायला जागा नसेल, तर तिसरं उत्तर. लोकांचा उत्साह पुष्कळ ओसरला. एका उताऱ्यात एक बाई स्टेशनवर कोणाची तरी वाट बघत असते आणि गाडी येण्याआधीच उतारा संपतो.

"तो आला का मग?" पेन्शनरकाकांनी विचारलं.

"दिलेलं नाही, काका."

"म्हणजे? बाई तशीच उभी?"

"दिलेलं नाही."

"अरे, पण हे लिहिणारे लोक कसले! बाईला थंडीत उभी करून निघून जातात!" काका त्या दिवशी पेपर अर्धवट टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "मी विचार केला. तो आला. गाडीला उशीर झाला होता." चिंगीने त्यांना ओळीवर बोट ठेवायला सांगितलं नाही. काकांसमोर ती परीक्षा देत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी अण्णांनी दुकान उघडलं खरं, पण वस्तरा हातात घेतला नाही. दाढीवाल्यांना उद्या या म्हणून सांगितलं. दुपारी चिंगी आली. दप्तर ठेवलं, बाकावर बसली.

"कसा होता उतारा?"

"बाबा, उतारा केस कापणाऱ्यावर होता."

अण्णांच्या अंगातून वीज गेली. "आपल्यावर?"

"दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या. एक म्हातारा, त्याचं दुकान, गिऱ्हाइकं कशी येतात, तो कशी कात्री चालवतो."

"मग झालंच की! आपल्या घरचंच विचारलं! काय काय विचारलं?"

"एक विधान होतं, तो प्रत्येक दाढीनंतर ब्रश धुतो."

"धुतोच!"

"दुसरं होतं, तो हे काम वडिलांकडून शिकला."

"मग आणखी कोणाकडून शिकणार? सोपं! तू काय लिहिलंस?"

चिंगीने बापाकडे पाहिलं. "दिलेलं नाही."

"दोन्हीला?"

"मी चार वेळा वाचलं. बोट ठेवून वाचलं. ब्रश कुठेच धुतलेला नव्हता."

अण्णा खुर्चीत बसले; गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, ज्यात ते कधी बसत नसत. कुठल्या तरी लांबच्या देशातला एक म्हातारा, बिचारा आयुष्यभर ब्रश धूत असणार, आणि त्यांच्या पोटच्या पोरीने ते कागदावर लिहून द्यायला नकार दिला होता. तपासणारा काय समजेल? त्यांनी समोरच्या फळीवरचा स्वतःचा ब्रश उचलला. तो सकाळपासून वापरलाच नव्हता. तरी उठून नळाखाली धरला.

"फार जड गेलं का गं?" त्यांनी पाठमोरं विचारलं.

"हो," चिंगी म्हणाली. "खूप."

"मग बरोबर असेल," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माहीत नाही. असेल."

निकाल लागेपर्यंत गल्लीने अण्णांना भंडावून सोडलं. पोरगी पास होणार का? साठ पडणार का? अण्णा म्हणत, "माहीत नाही." लोक एकमेकांकडे बघत. किराणावाल्याने अण्णांच्या बायकोला बाजूला घेऊन त्यांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. तिने सवयीने शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

चिंगीला इंग्रजीत सहासष्ट पडले. सर स्वतः सांगायला आले, पण केस कापून घ्यायला थांबले नाहीत. डोकं अजून ठीक आहे म्हणाले. रंगाऱ्याने सगळ्यांना चहा पाजला आणि संधिवाताची भरपाई झाली असं जाहीर केलं. कोर्सचं कॉलेज दुसऱ्या शहरात होतं, तिथे राहायची सोय होती. चिंगीने ट्रंक भरली. बाकावरची तिची जागा रिकामी झाली. पेन्शनरकाकांनी तिथे आपली छत्री ठेवली, मग उचलून पुन्हा आपल्याजवळ घेतली.

चिंगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "अण्णा, जरा मान साफ करा. मागे दोन-चार उरलेत."

काकांनी खुर्चीत बसायची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. अण्णांनी चादर बांधली, ब्रश धुतला, फेस केला. दुकानात आणखी कोणी नव्हतं.

"शिकून झाली की इथेच येणार ना ती?" काकांनी आरशातून विचारलं. "इथेच दुकान टाकेल की डोळ्यांचं. समोरचा गाळा रिकामा आहे. का तिकडेच राहील?"

अण्णांचा वस्तरा काकांच्या मानेशी होता. जिभेवर उत्तर तयार होतं, ठाम आवाजासकट. समोरचा गाळा, पांढरी पाटी, उजळलेला तक्ता आणि स्टुलावर चिंगी, सगळं चेहऱ्यापासून दिसत होतं. नव्या चष्म्यातून तर फारच स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी वस्तरा फडक्याला पुसला.

"ते अजून दिलेलं नाही, काका," ते म्हणाले. "मान खाली घ्या."